संगीत कान्होपात्रा आणि अभंगांचा मूळ पाठ

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेच्या नांवावर आज सुमारें तीस अभंग मिळतात. तिला गुरु नाहीं, शिष्यशाखा नाहीं. तेव्हां तिची वाणी जतन करण्याचा भार कोणा एका परंपरेनें उचलला नाहीं. असें असूनहि तिचें नांव सामान्य रसिकांपर्यंत पोंचलें, याचें बरेंचसें श्रेय १९३१ सालीं गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणलेल्या, ना. वि. कुळकर्णीकृत ‘संगीत कान्होपात्रा’ या नाटकास द्यावें लागेल. संतवाणीचें संगीत नाटक होतांना काय साधतें आणि काय हातचें जातें, इतकाच येथें विचार करावयाचा आहे.

कथेचा मुख्य आधार महिपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२). श्यामा नांवाच्या गणिकेची ही रूपवती कन्या वारकऱ्यांच्या संगतीनें पंढरीस गेली; बेदरच्या पातशहाचें बोलावणें येतांच तिनें विठ्ठलाच्या पायीं देह ठेवला; देवळाच्या दक्षिणेस तिला पुरलें व तेथें तरटीचें झाड उगवलें, असा हा वृत्तांत आहे. बहामनी राजधानी बेदरास गेली ती पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमारास. यावरून कथेंतील काळ त्यापुढचा मानणें प्राप्त आहे. मात्र महिपति तीन शतकांनंतर लिहीत आहे, हें विसरतां कामा नये. त्याचा ग्रंथ परंपरेचा साक्षी आहे, घटनेचा नव्हे.

नाटककारास ही कथा सोयीची होती. नायिका स्वतः गाणारी असल्यामुळें पदें ओढूनताणून घालावीं लागत नाहींत. मास्तर कृष्णराव यांनीं चाली दिल्या व बालगंधर्वांनीं कान्होपात्रेची भूमिका केली. वैकुंठनायकास आळविणारा तिचा अभंग भैरवींत ऐकून प्रेक्षक सद्गदित होत. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. हा बांधा मुळांतच गेय असल्यामुळें चालीस काव्याशीं झगडावें लागलें नाहीं. ही जमेची बाजू आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों.

पण दुसरी बाजूहि आहे. याच नाटकांत चोखामेळ्याचा जोहाराचा अभंग आहे. चोखोबा १३३८ सालीं मंगळवेढ्यासच गेले, असें परंपरा सांगते. म्हणजे तो अभंग कान्होपात्रेच्या आधींच्या शतकांतला. दोन्ही संत एकाच गांवचे, म्हणून नाट्यदृष्ट्या हा मेळ शोभतो. परंतु नाटकाचें नांव ‘कान्होपात्रा’, गाणारा कंठ एकच. मग ऐकणाऱ्यानें दोन्ही वाणी एकाच कवयित्रीच्या समजल्या तर दोष कोणाचा? अभंगाचा कर्ता ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे शेवटच्या चरणांतील नाममुद्रा. गायनांत ध्रुपद पुनःपुन्हां घोळलें जातें व शेवटचें कडवें गळलें, तर ती खूणच नाहींशी होते.

बाडें जमविणाऱ्यांस हा धोका प्रत्यक्ष आहे. नाटकांतील पदें छापून विकलीं जात. त्यांवरून भजनाच्या वह्यांत नकला उतरणें अगदीं स्वाभाविक. म्हणून कान्होपात्रेचा अभंग एखाद्या वहींत आढळला, तर आधीं कागद व शाई पाहावी, मग अभंगांचा क्रम पाहावा. तो क्रम नाटकांतील पदांचा असेल, तर ती वही पाठाच्या कामीं स्वतंत्र साक्षीदार नव्हे. नाटकाच्या पूर्वीची निश्चित असलेली प्रत, मग ती कितीहि अशुद्ध असो, अधिक मोलाची समजावी.

रंगभूमीनें कान्होपात्रेस श्रोते मिळवून दिले. तिचा पाठ जपण्याचें काम तिच्याकडे नव्हतेंच. तें आपलें आहे. ज्या वाणीस परंपरेचा आश्रय नाहीं, तिच्या बाबतींत एकेक जुनें पान हाच आश्रय होय. तीस अभंगांतले दोन जरी दुसऱ्याचे ठरले किंवा दुसऱ्याच्या नांवें गेलेले दोन परत आले, तरी एका अनाथ कवयित्रीचें घर तितकें नीट लागलें असें आम्ही समजूं.