हृदयाची झडप आणि मेंदूवरचे सावट : शंभर वर्षांचा प्रवास (थ्रेड)

१/ ६ मे १९२२. मुंबईतील ‘पन्हाळा लॉज’ येथे राजर्षी शाहू छत्रपतींचे हृदयविकाराने निधन झाले. वय अवघे ४७. करवीर दरबाराला उत्तमोत्तम डॉक्टर बोलावणे अशक्य नव्हते. परंतु आजारी हृदयाच्या आत शिरून दुरुस्ती करण्याची वाटच तेव्हाच्या वैद्यकाला गवसलेली नव्हती.

२/ ती वाट सात वर्षांनी उघडली. १९२९ मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच दंडातील शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि क्ष-किरण चित्राने ते सिद्ध केले. हेच कॅथेटर तंत्राचे बीज. १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

३/ १९६० मध्ये अमेरिकेत अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स यांची पिंजऱ्यातील चेंडूसारखी कृत्रिम झडप यशस्वी ठरली. मात्र धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरे. ती सुटून मेंदूत अडकली की पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घेणे आले.

४/ छाती उघडण्याची शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्धांचे काय? १९८९ मध्ये डेन्मार्कचे हेनिंग रूड अँडरसन यांनी घडी घातलेली झडप नळीतून डुकराच्या हृदयात बसवली. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे अलें क्रिबिए यांनी हा प्रयोग प्रथमच माणसावर केला. हीच ‘टावी’.

५/ येथे जुनाच धोका नव्या रूपाने आला. टावीत जुनी झडप काढत नाहीत. नवी झडप तिला बाजूला दाबून बसते. वयोमानाने कॅल्शियम साचून दगडासारख्या झालेल्या त्या झडपेचे कण निखळतात. पुढेच महाधमनीची कमान आणि तेथूनच मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या.

६/ २०११ च्या ‘पार्टनर’ चाचणीत ही किंमत आकड्यांत दिसली. ३० दिवसांत पक्षाघात किंवा त्याची तात्पुरती लक्षणे टावीनंतर ५.५ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २.४ टक्के रुग्णांत आढळली.

७/ पुढे नळ्या बारीक झाल्या, हात सरावले. २०१९ च्या ‘पार्टनर ३’ मध्ये ३० दिवसांतील पक्षाघाताचे प्रमाण टावीत ०.६ टक्के, तर शस्त्रक्रियेत २.४ टक्के होते. मात्र हे रुग्ण कमी जोखमीचे होते, हा भेद विसरून दोन चाचण्यांची तुलना करू नये.

८/ मग कण वाटेतच अडवावेत म्हणून गाळणी आली. युक्ती बिनतोड भासली; तरी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७,६३५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण गाळणीसह २.१ आणि गाळणीविना २.२ टक्के निघाले. म्हणजे फरक जवळपास शून्य.

९/ तर्काला पटलेली युक्ती रुग्णाला उपयोगी पडतेच असे नाही. मोजून पाहिल्यावरच ते कळते. तोवर घरच्यांची सावधगिरी मोलाची. पहिल्या काही दिवसांत तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.