डिवचलेला प्रतिस्पर्धी: अमेरिकन फुटबॉलमधील वाग्युद्धाचा इतिहास

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये सामना मैदानावर सुरू होण्याआधी तोंडाने सुरू होतो. एखादा खेळाडू विजयाची हमी देतो, कुणी समोरच्या संघाची लायकी काढतो आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रात झळकते. प्रतिस्पर्धी संघाचा प्रशिक्षक ते कात्रण खेळाडूंच्या खोलीतील फलकावर लावतो. अशा मजकुराला तिथे ‘बुलेटिन बोर्ड मटेरियल’ म्हणतात. डिवचलेला संघ ईर्षेला पेटतो आणि एरवीपेक्षा सरस खेळतो, हा या प्रथेमागचा समज. त्यामुळे बहुतेक प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना सामन्याच्या आठवड्यात तोंड सांभाळायला सांगतात. गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास मात्र या समजाला अर्धाच दुजोरा देतो. अपमानाने जिद्द वाढते. ती जिद्द विजयात उतरते की नाही, हे संघाच्या तयारीवर अवलंबून असते.

या समजाचा सर्वांत ठळक दाखला १९४० सालचा आहे. १७ नोव्हेंबरला वॉशिंग्टनने शिकागो बेअर्सचा ७-३ असा पराभव केला. अखेरच्या क्षणी आपल्या खेळाडूला चेंडू झेलताना बेकायदा अडवले गेले, अशी तक्रार शिकागोने केली, पण पंचांनी ती मानली नाही. वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी पत्रकारांपुढे बेअर्सना रडके आणि कच खाणारे ठरवले. तीनच आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, अजिंक्यपदासाठी हेच दोन संघ वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये पुन्हा समोरासमोर आले. बेअर्सचे मालक आणि प्रशिक्षक जॉर्ज हॅलस यांनी मार्शल यांच्या उद्गारांची कात्रणे खेळाडूंसमोर ठेवली. शिकागोच्या दुसऱ्याच चालीवर बिल ओस्मान्स्की ६८ यार्ड धावत चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे घेऊन गेला, म्हणजेच टचडाउन झाले. सामना संपला तेव्हा धावफलक ७३-० होता. इतक्या फरकाचा विजय राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये त्यानंतर कुणालाही मिळालेला नाही.

मात्र या सामन्याची गोष्ट सांगताना कात्रणे लक्षात राहतात आणि हॅलस यांची पूर्वतयारी मागे पडते. बेअर्सकडे ‘टी फॉर्मेशन’ ही सुधारलेली मांडणी होती. ती घडवताना क्लार्क शॉनेसी या प्रशिक्षकाची मोठी मदत झाली होती. चेंडू खेळात येण्याआधी एक खेळाडू आडवा धावत जाई. त्यामुळे बचावफळीची नजर चुके आणि चेंडू भलत्याच बाजूने पुढे सरके. वॉशिंग्टनच्या बचावाला या मांडणीचा थांग लागला नाही. त्यांच्या खेळाडूंनी फेकलेले आठ पास बेअर्सनी मधेच पकडले. बेअर्सचा त्वेष मार्शल यांच्या शब्दांतून आला असेल, पण त्या त्वेषाला वाट शॉनेसी आणि हॅलस यांच्या मांडणीने दिली. पुढच्या काही वर्षांत इतर संघांनी उचलली ती ही मांडणी.

साठच्या दशकात वाग्युद्धाला नवे व्यासपीठ मिळाले. १९६० साली सुरू झालेली अमेरिकन फुटबॉल लीग जुन्या राष्ट्रीय लीगला आव्हान देत होती. १९६६ मध्ये दोन्ही लीगमध्ये विलीनीकरणाचा करार झाला आणि त्यांच्या विजेत्यांमध्ये सामना ठरला. पुढे तोच ‘सुपर बोल’ म्हणून प्रसिद्ध झाला. १५ जानेवारी १९६७ च्या पहिल्या सामन्याआधी कॅन्सस सिटी चीफ्सचा फ्रेड विल्यमसन आपल्या कोपराखालच्या प्रहाराच्या फुशारक्या मारत होता. त्या प्रहाराला त्याने ‘हॅमर’ असे नाव दिले होते आणि ग्रीन बे पॅकर्सच्या खेळाडूंवर तो चालवणार असल्याचे तो सांगत होता. ग्रीन बेने सामना ३५-१० असा जिंकला. चौथ्या सत्रात ग्रीन बेच्या डॉनी अँडरसनला अडवताना विल्यमसन बेशुद्ध पडला आणि त्याला उचलून बाहेर न्यावे लागले. वल्गनेची शिक्षा मिळते, या समजाला हा प्रसंग फार सोयीचा ठरला.

दोनच वर्षांनी नेमके उलटे घडले. बॉल्टिमोर कोल्ट्सनी साखळीतील १४ पैकी १३ सामने जिंकले होते आणि राष्ट्रीय लीगच्या अंतिम लढतीत क्लीव्हलँडला ३४-० असे हरवले होते. सट्टेबाजांच्या हिशेबात सुपर बोलमधले त्यांचे प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जेट्स सुमारे १८ गुणांनी मागे होते. सामन्याच्या तीन दिवस आधी मायामीतील एका समारंभात जेट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू, जो नेमथ याने विजयाची हमी देऊन टाकली. त्याआधी त्याने कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अर्ल मोरॉल याला आपल्या लीगमधल्या काही जणांपेक्षा कमी लेखले होते. जेट्सचे प्रशिक्षक वीब युबँक वैतागले. कोल्ट्सनी गाफील राहावे, अशी त्यांची इच्छा होती आणि नेमथने त्यांना जागे केले, असे त्यांना वाटले. १२ जानेवारी १९६९ रोजी जेट्स १६-७ असे जिंकले. मोरॉलचे तीन पास पहिल्या अर्ध्या सामन्यातच प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. नेमथने एकही टचडाउन पास दिला नाही. मॅट स्नेलच्या १२१ यार्ड धावांवर आणि संयमी चालींवर त्याने सामना नेला. कोल्ट्सना जिद्दीची कमतरता नव्हती. जेट्सनी त्यांचा बचाव नीट अभ्यासला होता.

डिवचलेल्या खेळाडूने सर्वोत्तम खेळ केल्याचे उदाहरण २१ जानेवारी १९७९ च्या सुपर बोलमध्ये सापडते. डॅलस काउबॉइजचा टॉमस ‘हॉलिवूड’ हेंडरसन याने पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉच्या बुद्धीची जाहीर टिंगल केली. ‘कॅट’ या शब्दातली दोन अक्षरे आयती दिली तरी ब्रॅडशॉला तो शब्द लिहिता येणार नाही, असे तो म्हणाला. ब्रॅडशॉने त्या सामन्यात ३१८ यार्ड पास आणि चार टचडाउन दिले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पिट्सबर्ग ३५-३१ असे जिंकले. तरीही फरक चारच गुणांचा होता. दुसऱ्या सत्रात हेंडरसननेच ब्रॅडशॉला पकडून ठेवले आणि त्याच्या हातचा चेंडू हिसकावून माइक हेगमनने टचडाउन केले. तिसऱ्या सत्रात डॅलसच्या जॅकी स्मिथच्या हातून टचडाउनचा सोपा झेल सुटला. तो झेल धरला गेला असता तर हेंडरसनचा टोमणा आज कदाचित पराक्रमाच्या कथेत सांगितला गेला असता.

स्मरणाची ही निवड या विषयातील मोठी अडचण आहे. बढाई मारणारा हरला की गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते; तो जिंकला तर बढाईला आत्मविश्वास म्हटले जाते. जानेवारी १९९४ मध्ये डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी स्वतःहून रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून सॅन फ्रान्सिस्कोवर विजय मिळवणारच, असे जाहीर केले. त्यांच्या संघाने तो सामना ३८-२१ असा जिंकला.

न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचे प्रशिक्षक असताना बिल बेलिचिक यांनी कात्रणांचा वापर विशेष पद्धतशीर केला. फेब्रुवारी २००५ च्या सुपर बोलआधी फिलाडेल्फियात विजयी मिरवणुकीची आखणी झाली होती. तिचा मार्ग त्यांनी खेळाडूंना वाचून दाखवला. फिलाडेल्फियाच्या फ्रेडी मिचेलने पॅट्रियट्सच्या बचावपटूंची नावेही आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले होते आणि त्यांच्यातल्या रॉडनी हॅरिसनला आव्हान दिले होते. सामन्यात मिचेलला एकच झेल घेता आला, तर हॅरिसनने दोन पास अडवून पकडले. पॅट्रियट्स २४-२१ असे जिंकले.

२००७ च्या हंगामात याच संघाने प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवल्या. डिसेंबरमध्ये पिट्सबर्गचा तरुण बचावपटू अँथनी स्मिथ याने अपराजित पॅट्रियट्सवर विजयाची हमी दिली. पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने त्याच्याच बाजूला लांब पास फेकून टचडाउन मिळवली आणि पॅट्रियट्सनी सामना ३४-१३ असा जिंकला. या डावपेचात रागाइतकाच अभ्यास होता. स्मिथ धावेच्या हुलकावणीला भुलून पुढे येतो, हे हेरून चाली रचल्या गेल्या होत्या. दोन महिन्यांनी न्यूयॉर्क जायंट्सच्या प्लॅक्सिको बरेसने सुपर बोलचा निकाल २३-१७ असा वर्तवला. आपला संघ फक्त १७ गुणच करणार का, असे म्हणत ब्रेडी हसला. त्याआधीचे १८ सामने जिंकलेल्या पॅट्रियट्सना प्रत्यक्षात १४ गुणच करता आले. ३५ सेकंद उरले असताना निर्णायक टचडाउन बरेसनेच केले आणि जायंट्स १७-१४ असे जिंकले. जायंट्सची आघाडीची बचावफळी ब्रेडीवर वारंवार तुटून पडत राहिली, तिथे अपमानाने आलेली चीड उपयोगी पडली नाही.

जानेवारी २०११ मध्ये हेच पुन्हा दिसले. महिन्याभरापूर्वी पॅट्रियट्सकडून ४५-३ असा मार खाल्लेले न्यूयॉर्क जेट्स बाद फेरीच्या आठवड्यात अखंड बोलत होते. प्रशिक्षक रेक्स रायन यांनी ही लढत आपल्यात आणि बेलिचिकमध्ये असल्याचे सांगितले, तर जेट्सचा बचावपटू अँटोनियो क्रोमार्टी याने ब्रेडीला शिवीगाळ केली. पॅट्रियट्सच्या वेस वेल्करने पत्रकारांशी बोलताना रायन यांना सूचक टोमणे मारले, तर बेलिचिकनी त्यालाच सामन्याच्या सुरुवातीला बाहेर बसवले. जेट्स २८-२१ असे जिंकले.

मानसशास्त्रातील संशोधन या चित्राशी जुळते. जेरेमी यिप, मॉरिस श्वाइट्झर आणि समीर नूरमोहमद यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिवचल्या गेलेल्या व्यक्तींनी निव्वळ मेहनतीच्या कामात अधिक जोर लावला. कल्पकता लागणाऱ्या कामात मात्र त्या मागे पडल्या आणि फसवणुकीकडे त्यांचा कल वाढला. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेले तत्त्वही याच दिशेचे आहे. उत्तेजना वाढते तशी कामगिरी एका मर्यादेपर्यंत सुधारते आणि पुढे ढासळते. काम जितके अवघड, तितकी ही मर्यादा लवकर येते.

फुटबॉलच्या मैदानावर हा फरक जागेनुसार पडतो. समोरच्याला रेटून मागे ढकलणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला संतापाचा थोडा लाभ होऊ शकतो. क्वार्टरबॅकला मात्र दोन-तीन सेकंदांत बचावाची रचना वाचून निर्णय घ्यायचा असतो. तिथे डोके शांत हवे. नियमांनीही संतापाची किंमत ठरवून ठेवली आहे. मैदानावर प्रतिस्पर्ध्याला खिजवणाऱ्या खेळाडूमुळे संघाला १५ यार्डांचा दंड बसतो. २०१६ पासून गैरवर्तनाचे असे दोन अपराध झाले की खेळाडूला मैदान सोडावे लागते. म्हणून अनेक अनुभवी खेळाडू समोरच्याला मुद्दाम चिडवतात. चिडलेला खेळाडू हात उगारतो आणि दंड त्याच्या संघाच्या माथी येतो.

सामन्याचे महत्त्व हाही घटक असतो. अजिंक्यपदाच्या लढतीत दोन्ही बाजूंची जिद्द आधीच शिगेला पोचलेली असते, त्यामुळे एका वाक्याने तिच्यात भर पडायला वाव कमी असतो. हंगामाच्या मध्यातील साध्या सामन्यात, विशेषतः दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, सुस्तावलेल्या संघाला तेच वाक्य जागे करू शकते. कात्रणाचा खरा उपयोग प्रशिक्षकाला होतो तो इथे. सरावाच्या कंटाळवाण्या आठवड्यात खेळाडूंचे लक्ष एका जागी बांधून ठेवण्याचे ते साधन बनते. हॅलस आणि बेलिचिक यांना ते साधले, कारण त्यांनी खेळाडूंच्या हाती रागासोबत ठरलेली योजनाही दिली. योजना नसेल तर तो राग पहिल्या काही धडकांतच खर्च होतो आणि उरलेला सामना कौशल्याच्या बळावरच खेळावा लागतो.