आर्वी तहसिलीतील सोळा ऑगस्ट

आर्वीला जुने लोक 'आर्वी तेलंगराव' म्हणत. तेलंगराव वली ब्राह्मण होते असे हिंदू सांगत, मुसलमान होते असे मुसलमान. मजारीवर मात्र दोघेही डोके टेकवत. १९४२ साली याच तहसिलीत असलेल्या आष्टीने युद्ध आणि क्रांती यांचे नाते रक्त सांडून अनुभवले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणालाही न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढले. नागपूरच्या रविशंकर शुक्लांसह काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे पायउतार झाली. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. तोवर सारे शिस्तीत होते. मग फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. इंग्रजही हरतो, हे खेड्यापाड्यांत कळले. युद्धाने केलेले सर्वांत मोठे काम माझ्या मते हेच: त्याने सरकारचा दरारा उतरवला.

१४ जुलैला वर्ध्यात कार्यकारिणीचा ठराव, ८ ऑगस्टला मुंबईत 'भारत छोडो', दुसऱ्याच दिवशी पुढारी तुरुंगात. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डॉ. गोविंद मालपे, पंचमसिंग गोंड, रशीद खान आदी हुतात्मे झाले. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. सेवाग्रामच्या जिल्ह्यात हे घडले, ते झाकण्यात अर्थ नाही.

मुस्लिम लीग या चळवळीपासून दूर राहिली, त्यावरून 'बेचाळीसमध्ये मुसलमान नव्हते' असे सर्रास बोलले जाते. रशीद खान यांचे नाव अशा वेळी आपण प्रमाणपत्रासारखे पुढे करतो. मला ते खटकते. ते आष्टीच्या ठाण्यासमोर शेजाऱ्यांसोबत उभे होते. कुणाला काही सिद्ध करून दाखवायला गेले नव्हते.

तरीही बेचाळीसमध्ये राज्य कोसळले नाही. युद्धामुळेच देशात फौज होती, खास न्यायालये होती आणि वर्दीतला शिपाई हुकूम पाळत होता. चिमूर-आष्टीच्या कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या गेल्या. त्याच वर्षी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला, आणि हा रोष बराकींत पोहोचला. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौसैनिकांनी संप पुकारला. त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान. आष्टीत शिपायांनी जमावावर बंदूक रोखली होती. चार वर्षांनी युद्धातून परतलेले वर्दीवालेच हुकूम मानेनात.