गंगा भागीरथी

मायबाप हो, सप्ताहाची पत्रिका वाचता ना? अन्नदात्यांच्या यादीत कुणाच्या नावाआधी सौ., कुणाच्या आधी ह.भ.प., आणि एखाद्या आजीच्या आधी गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. विधवा बाईला मान द्यायचा म्हणून पूर्वी पत्राच्या मायन्यातही हेच लिहीत.

आता ही भागीरथी कोण, ते बघा. कपिलमुनींच्या कोपानं सगराचे साठ हजार पुत्र भस्म झाले. त्यांच्या उद्धारासाठी अंशुमानानं तप केलं, दिलीपानं केलं, गंगा काही आली नाही. भगीरथाच्या तपाला आली. शंकरांनी जटेत झेलली, म्हणून पृथ्वी वाचली. भगीरथानं आणली म्हणून ती त्याची लेक, भागीरथी! सौभाग्यवती हा शब्द नवऱ्याच्या आयुष्यावर उभा आहे. भागीरथी हे लेकीचं नाव आहे, त्यात नवरा कुठंच नाही. आणि तिनं केलं काय? राखेला स्पर्श केला नि पितरांना तारलं.

एवढं थोर नाव दिलं, आणि हळदीकुंकवाला मात्र तिला बोलवायचं नाही. लेकीच्या लग्नात आईनंच मागं उभं राहायचं. गंगेला विटाळ होतो का हो कधी?

अहिल्याबाईंना १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात वैधव्य आलं. सती निघाल्या होत्या, सासरे मल्हारराव आडवे आले. १७६७ पासून त्यांनी होळकरांचं राज्य सांभाळलं, काशीला विश्वेश्वराचं मंदिर उभं केलं, गंगाजलाच्या कावडी देशभरच्या देवळांत धाडल्या. लोकांनी त्यांना काय म्हटलं? पुण्यश्लोक. नळराजाला, धर्मराजाला लावतात तो शब्द!

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की पती गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. पुढच्या वर्षी सरकारदरबारी विधवेला गंगा भागीरथी म्हणावं अशी सूचना निघाली, तर बायांनीच विरोध केला. मला विचाराल तर बरोबर केलं. अक्षरं मानाची असली तरी वाचणारा त्यातून एवढंच वाचतो, की हिचा नवरा नाही.

वारीत पाहा. डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली बाई समोर आली की आपण पायाला हात लावतो नि 'माउली' म्हणतो. कपाळ बघून म्हणतो का? ज्ञानोबाराय पुरुष असून माउली, विठ्ठल तर विठाबाई! तेव्हा मंडळी, पुढच्या सप्ताहाची पत्रिका छापाल तेव्हा त्या आजींच्या नावाआधी मातोश्री लिहा, आणि काल्याच्या दिवशी विणेकऱ्याला पहिलं कुंकू त्यांच्या हातून लावा.