कागदी कार्नेशन आणि चार ओळी

बेगडी कवितेला ‘कागदी फुले’ म्हणून मोडीत काढण्याची आपल्या समीक्षेला जुनी सवय आहे. फुलाला गंध नाही म्हणजे ते खोटे, असा यामागचा सरळ हिशेब. लिस्बन शहरातील एक स्वस्त भेटवस्तू पाहिली की हा हिशेब आम्हांला फार घाईचा वाटू लागतो.

१३ जून हा संत आंतोनीचा दिवस. १२३१ साली तो पादुआजवळ वारला आणि जगभर पादुआचा म्हणून ओळखला गेला. पण जन्म लिस्बनचा, त्यामुळे लिस्बनकर त्याला आपलाच मानतात. लग्ने जुळवणारा संत अशी त्याची ख्याती. आदल्या रात्री आल्फामासारख्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत सार्डिन मासळी भाजली जाते आणि लहानलहान कुंड्यांतून ‘मांझेरिकु’ विकायला येतो. हे तुळशीच्या कुळातले, बारीक पानांचे, चेंडूसारखे गोल रोप. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही. पानांवर तळवा ठेवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा, नाहीतर रोप कोमेजते अशी समजूत. (तुळशीचा मान राखणाऱ्या आपल्या घरांना हा संकोच परका वाटू नये.) रोपात काडी खोचलेली असते. काडीवर पातळ कागदाचे कार्नेशन आणि एक कागदी पताका. पताकेवर चार ओळींची कविता. प्रियकराने प्रेयसीला द्यायची ती ही भेट.

असे कार्नेशन करायला फारसे काही लागत नाही. पातळ कागदाचे थर एकावर एक ठेवून चुण्या घालायच्या, मधोमध तारेने आवळायचे, कडा कात्रीने दातेरी करायच्या आणि एकेक थर हलक्या हाताने उलगडायचा. पण केवळ स्वस्ताई हे कारण पुरेसे नाही. खऱ्या कार्नेशनचे पोर्तुगालला दुर्भिक्ष नाही. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीत सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत खोचलेली होती ती खरीच. आमच्या मते कागदी फूल येथे कवितेच्या सोबतीने आले आहे. मांझेरिकु एका हंगामाचे रोप. ते सुकते, आणि मागे उरतात त्या दोन कागदी वस्तू.

या चार ओळींच्या रचनेला पोर्तुगीजमध्ये ‘क्वाद्रा’ म्हणतात. ती बहुधा देणाऱ्याने रचलेली नसते. आपला उखाणाही पुष्कळदा तयार मिळालेलाच असतो, तरी म्हणणारीच्या तोंडी तो तिचा होतो. फर्नांदो पेसोआला या प्रकाराचे मोल कळले होते. त्याचा जन्मच १३ जून १८८८ चा, आणि त्याच्या पूर्ण नावात ‘आंतोनियु’ आहे. १९१४ साली त्याने क्वाद्राची तुलना लोकांच्या मनाच्या खिडकीतील फुलांच्या कुंडीशी केली होती. पुढे १९३४-३५ मध्ये, मृत्यूच्या उंबरठ्यावर, त्याने लोकधाटणीच्या अशा रचना शेकड्यांनी लिहिल्या. अभ्यासक त्यांना त्याचा विरंगुळा समजतात. आम्हांला ते मान्य नाही. अनेक कल्पित कवींच्या नावांनी लिहिणारा हा कवी येथे एक पाऊल पुढे गेला आहे: ज्यात कवीचे नाव कोणी विचारतच नाही, असा प्रकार त्याने निवडला.

या रचनांचे पुस्तक निघाले ते १९६५ साली. मधली तीस वर्षे त्या त्याच्या कागदपत्रांत पडून होत्या, आणि गल्ल्यांतून दर जूनमध्ये निनावी क्वाद्रा कागदी फुलासोबत विकल्या जातच होत्या.