झोपेची साथ आणि मुलांचा वॉर्ड

अशी कल्पना करा की तुमच्या वर्गातले एक शांत, गुणी पोर महिनाभर तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पोर शाळेत आले. आणि पाहावे तर ते पोरच नव्हे! कुणाला मारते, कुणाची वस्तू चोरते, रात्र रात्र झोपत नाही, आणि घटकाभराने स्वतःच ओक्साबोक्शी रडते. तुम्ही काय म्हणाल? कुणी म्हणेल बाहेरची बाधा, कुणी म्हणेल आईबापांनी लाडावले.

पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न उभा राहिला. १९१७ साली व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन इकोनोमो यांनी मेंदूच्या एका नव्या रोगाचे वर्णन केले. रोगी दिवसेंदिवस झोपून राही, म्हणून लोक त्याला झोपेची साथ म्हणू लागले. (आफ्रिकेत माशीमुळे होतो तो झोपेचा आजार निराळा बरं का!) दहाएक वर्षांत ही साथ ओसरली. तिचे मूळ अजूनही पक्के सापडलेले नाही. पण त्यातून वाचलेली पुष्कळ मुले वर सांगितल्यासारखी पालटून गेली होती.

आता ही मुले ठेवायची कुठे? घरी आवरेनात, शाळा घेईना. वेड्यांच्या इस्पितळात मोठ्या माणसांत कोंडावे, तर तेही धड नाही. लंडनमध्ये लोकांच्या करांतून इस्पितळे चालवणारे एक मंडळ होते, मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड. त्याने १९२५ साली विंचमोर हिल येथल्या इस्पितळात खास या मुलांसाठी विभाग उघडला. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट खाटांची नव्हे. पोराचे वागणे बिघडते ते प्रत्येक वेळी त्याच्या दुष्टपणाने नव्हे, हे सरकारदरबारी मान्य झाले, ही ती गोष्ट. पुढे १९४७ मध्ये लंडनच्याच मॉड्सली इस्पितळात मुलांचा वॉर्ड झाला, आणि १९४८ पासून ब्रिटनमध्ये उपचारच सरकारी खर्चाने मिळू लागले.

एक उणीव मात्र राहिली. आईने यायचे ते ठरल्या वेळी, आणि घंटा झाली की निघायचे! आजारी मुलांना आईबाप केव्हाही भेटू शकले पाहिजेत, हे तिथल्या प्लॅट समितीला १९५९ साली अहवालात लिहून सांगावे लागले.

आपल्याकडे त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर यांनी वेगळीच रीत पाडली. त्यांनी रोग्यांच्या घरच्यांनाच आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. ते रोगी बहुतेक मोठी माणसे, पण विचार मुलांनाही लागू पडणारा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तो स्पष्ट उमटला आहे. कलम ८७ म्हणते की अठरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे, आणि दाखल असेपर्यंत घरचे माणूस, निदान त्याने नेमलेला सोबती, मुलापाशी राहिलाच पाहिजे. मुलगी असेल तर बाईमाणूस. दाखल केल्याची खबर बहात्तर तासांत मंडळाला द्यायची, आणि मुक्काम तीस दिवसांवर गेला तर पुन्हा कळवायचे.

आता खुरपणीला जाणाऱ्या आईने तीस दिवस इस्पितळात बसायचे म्हणजे तीस दिवसांची मजुरी बुडाली. ती कोणी भरून द्यायची, याविषयी ते कलम गप्प आहे.