प्रवासाहून परतल्यावर एकाच नाकपुडीतून रक्त येते, तेव्हा

चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातून कुणी मजुरीला, कुणी नोकरीला, कुणी यात्रेला दूर जातो. परतल्यावर नाक चोंदले, थोडे रक्त आले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून दिवस जातात. बहुतेकदा कारण साधेच असते. पण त्रास एकाच नाकपुडीत असेल आणि थांबत नसेल, तर नाक आतून तपासून घ्यावे.

जळू : हिमालयाच्या पायथ्याला किंवा ईशान्येकडे झऱ्याचे पाणी ओंजळीने पिताना, तोंड धुताना बारीक जळू नाकात शिरते. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. त्यामुळे न दुखता रक्त येत राहते आणि आत काहीतरी वळवळते. घरी ओढून काढू नये. डॉक्टर चिमट्याने काढतात.

ऱ्हायनोस्पोरिडिओसिस : तळ्यात डुंबणाऱ्यांना होणारा हा आजार तमिळनाडू, केरळ, छत्तीसगड, पश्चिम बंगाल या भागांत जास्त दिसतो. गिलेर्मो सीबर यांनी १९०० साली अर्जेंटिनात त्याचे वर्णन केले. नाकात लालसर, पांढऱ्या ठिपक्यांचा मांसल कोंब वाढतो. धक्का लागताच रक्त येते. तो साध्या मशासारखा वाटू शकतो, म्हणून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. उपचार शस्त्रक्रियेचा, मूळ जाळले नाही तर तो पुन्हा वाढू शकतो. एकाकडून दुसऱ्याला तो लागत नाही.

अळ्या : नाकात जुनी जखम किंवा खपल्या असतील, तर माशी तिथे अंडी घालते. घाण वास, वेदना आणि रक्तमिश्रित स्राव ही लक्षणे.

डॉक्टरांना न विचारताही सांगा : कुठे गेला होता, किती दिवस, कोणते पाणी प्यालात, कुठे अंघोळ केलीत, त्रास कधी सुरू झाला. लक्षणे काही महिन्यांनीही दिसू शकतात, म्हणून जुना प्रवासही सांगावा. त्यावरून दुर्बिणीने तपासणी, तुकड्याची तपासणी किंवा सीटी स्कॅन ठरते. या सोयी लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत मिळतात.

मधुमेह असून नाकात काळी खपली, गालावर सूज किंवा दृष्टी अंधुक झाली, तर प्रवास केला असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलेल्या म्युकरमायकोसिसची ही चिन्हे आहेत.